अकरानंतर वाय-फायवर पत्ता का मिळत नाही?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील मुख्य स्विचवर (उपकरणे जाळ्याला जोडणाऱ्या यंत्रावर) तीन व्हीलॅन (एकाच जाळ्याचे केलेले वेगळे भाग) आहेत : कार्यालयासाठी १०, प्रयोगशाळेसाठी २० आणि विद्यार्थ्यांच्या वाय-फायसाठी ३०. तिन्हींना पत्ते हाच स्विच डीएचसीपीने, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या पद्धतीने, देतो. व्हीलॅन ३० ची रेंज (पत्त्यांचा पट्टा; तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान तितका पट्टा मोठा) १९२.१६८.३०.०/२४ असून इतर दोन रेंज याच धर्तीवर आहेत. लीज (ठरावीक मुदतीसाठी दिलेला पत्ता) सर्वत्र आठ दिवसांची आहे. सकाळी अकरानंतर येणाऱ्यांच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि इंटरनेट चालत नाही. कार्यालयातील प्रिंटरचा पत्ताही अधूनमधून दुसऱ्या संगणकाला जातो. रेंज /१६ करावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : /१६ करू नये. तसे केल्यास ती रेंज व्हीलॅन १० आणि २० च्या रेंजनाही पोटात घेईल, आणि एकमेकींवर चढणाऱ्या अशा रेंज स्विच सहसा स्वीकारतच नाही.

१६९.२५४ चा पत्ता लॅपटॉपने स्वतःच घेतलेला असतो. डीएचसीपीकडून उत्तर न आल्याची ती खूण आहे. म्हणून अकरानंतर स्विचवरील लीजची यादी पाहा आणि त्याच वेळी वाय-फायला प्रत्यक्ष किती उपकरणे जोडलेली आहेत तेही पाहा. यादी अडीचशेच्या आसपास आणि जोडलेली उपकरणे त्याहून पुष्कळ कमी असतील, तर दोष रेंजचा नसून लीजचा आहे. /२४ मध्ये वापरण्याजोगे २५४ पत्ते असतात, आणि सोमवारी तासभर येऊन गेलेल्या फोनचा पत्ता आठ दिवसांच्या लीजमुळे पुढच्या मंगळवारपर्यंत अडकून राहतो. त्यातच आजचे बहुतेक फोन प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) वापरतात, त्यामुळे दोन नावे एकाच व्हीलॅनवर असतील तर एकच फोन दोन लीज अडवून बसतो.

व्हीलॅन ३० ची लीज चार तासांची करा. निम्मी मुदत संपली की उपकरण स्वतःहून नूतनीकरण मागते, त्यामुळे वर्गात बसलेल्यांना काही जाणवणार नाही. जुन्या लीज मात्र आपापली मुदत संपेपर्यंत राहतील. यादी पुसून टाकण्याचा मोह होतो, परंतु फोनला ते कळत नाही. तो जुनाच पत्ता वापरत राहतो आणि तोच पत्ता दुसऱ्याला दिला जाण्याचा धोका उद्भवतो. पुसायचीच असेल तर सुट्टीच्या दिवशी, वाय-फाय बंद करून पुसावी.

एकाच वेळी जोडलेली उपकरणेच अडीचशेच्या घरात असतील, तर १९२.१६८.३०.०/२३ करा, म्हणजे ५१० पत्ते मिळतील. त्यासाठी १९२.१६८.३१ ची रेंज अन्यत्र वापरात नसावी आणि नवा मास्क (रेंज किती मोठी ते ठरवणारा आकडा) व्हीलॅनच्या इंटरफेसवर (स्विचचा त्या व्हीलॅनमधील स्वतःचा पत्ता असतो तेथे) व डीएचसीपी पूलमध्ये (वाटायच्या पत्त्यांच्या साठ्यात), दोन्हीकडे बदलावा. फायरवॉलवरील (जाळ्यातली ये-जा तपासणाऱ्या सुरक्षा यंत्रणेवरील) नियम व मार्ग बहुधा विसरले जातात. तेही तपासावेत, नाहीतर ३१ चे पत्ते मिळालेल्यांनाच इंटरनेट मिळणार नाही.

प्रिंटरचे कारण वेगळे आहे. त्याचा हाताने दिलेला पत्ता बहुधा पूलच्या आतच असावा. व्हीलॅन १० मध्ये शेवटचा आकडा १ ते ५० असलेले पत्ते डीएचसीपीतून वगळून प्रिंटरला त्यांपैकी एक द्या. गेटवेही (व्हीलॅनबाहेर जाण्याची वाट असलेला पत्ता) त्यातच ठेवा. प्रयोगशाळेत यंत्रे ठरलेली असल्याने तेथील आठ दिवसांची लीज बदलण्याचे कारण नाही.