नेरुळहून घारापुरी आणि फोर्ट एका दिवसात होईल का?

होईल, पण आधी घारापुरी आणि मग फोर्ट, याच क्रमाने. आणि सोमवार सोडून, कारण सोमवारी लेणी बंद असतात. नेरुळहून हार्बरने सीएसएमटीला तास-सव्वा तास लागतो. तिथून बसने किंवा टॅक्सीने गेटवे. पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, तीच गाठा. उन्हं चढली की पायऱ्यांवर घाम निघतो, आणि दुपारच्या गर्दीत त्रिमूर्तीसमोर नीट उभंही राहता येत नाही.

लाँचला सुमारे तास लागतो. तिकीट जाऊन-येऊनचं एकच असतं, परतीपर्यंत जपून ठेवा. वरच्या डेकचे थोडे पैसे वेगळे घेतात. जाताना द्या, परतीच्या उन्हात गरज नाही. लाइफ जॅकेट घालाच. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत टॉय ट्रेन आहे, पण अंतर चालण्याजोगं आहे. पुढे सुमारे 120 पायऱ्या. हातात खाऊ किंवा बाटली दिसली की माकडं ओढून नेतात, सगळं पिशवीत चेन लावून ठेवा. वेळ कमी असेल तर फक्त 1 नंबरचं लेणं शांतपणे बघा, बाकीची अर्धवट आहेत.

दीड-दोनपर्यंत गेटवेला परत आलात की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (सहाला बंद होतं), काळा घोडा, हुतात्मा चौक करत चालत सीएसएमटी गाठता येते. तिथून गाडी सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते.

रविवारी जाणार असाल तर हार्बरचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच ऐनवेळी बंद होतात.