कॅरोटिनॉइड फ्री रॅडिकल्सना थांबवतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि मग गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न वाचून आधी आमच्या सांगलीच्या घरातली चटणीची बरणी आठवली. चटणी म्हणजे आमच्याकडचं कांदा-लसणाचं तिखट, उन्हाळ्यात बेडगी घालून डंकावर कुटून आणलं की लालभडक असतं आणि दिवाळीपर्यंत फिकं पडायला लागतं, खिडकीतली बरणी तर त्याच्याही आधी, मग आई म्हणते मिरचीवाल्यानं फसवलं. फसवलं नसतं हो, तुम्ही विचारताय तीच रिॲक्शन बरणीत चालू असते.

मिरचीतलं कॅप्सॅन्थिन, गाजरातलं बीटा कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन, सगळी एकाच खानदानातली, त्या रंगद्रव्यांच्या खानदानाचं नाव कॅरोटिनॉइड. 40 कार्बनचा रेणू, त्यात एकाआड एक दुहेरी बंध, बीटा कॅरोटीनमध्ये असे 11. इलेक्ट्रॉन त्या साखळीभर पसरलेले असतात, रंग दिसतो तो त्यामुळंच. फ्री रॅडिकलकडं असतो एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन, म्हणून तो दिसेल त्याच्या मागं लागतो. कॅरोटिनॉइड त्याला एकतर इलेक्ट्रॉन देतं, नाहीतर हायड्रोजन देतं, नाहीतर रॅडिकल सरळ साखळीलाच चिकटतो. तिन्हीत बिनजोडीचं दुखणं कॅरोटिनॉइडच्या गळ्यात येतं, पण लांब साखळीभर वाटलं गेल्यानं त्यातला जोर जातो. पुढं साखळी तुटली की रंगही गेला.

सिंग्लेट ऑक्सिजनचं (म्हणजे जादा एनर्जी चढलेल्या ऑक्सिजनचं) मात्र वेगळं, लोक इथं गल्लत करतात. तो रॅडिकल नाही, कॅरोटिनॉइड त्याची एनर्जी घेतं, उष्णता म्हणून सोडून देतं आणि स्वतः बहुतेक वेळा शाबूत राहतं.

आता बीटा कॅरोटीनच्या गोळ्या. 1984 मध्ये बर्टन आणि इनगोल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की बीटा कॅरोटीन कमी ऑक्सिजनमध्ये चांगलं काम करतं, पण ऑक्सिजन भरपूर असला तर रॅडिकल चिकटलेली साखळीच ऑक्सिजन घेते आणि नवा पेरॉक्सिल रॅडिकल होऊन बसते, म्हणजे राखणदारच चोर. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या 29,133 पुरुषांवर मोठा प्रयोग झाला, त्यात ज्यांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला (निकाल 1994 चा). नेमकं कारण काय यावर अजून वाद आहे, पण सिगरेट ओढत असाल तर ती गोळी नकोच, गाजर खा बिनधास्त.

आणि सांगलीकर म्हणून एक सांगून ठेवतो, हळद पिवळी असली तरी तिच्यातलं कर्क्युमिन कॅरोटिनॉइड नाही, ते खानदानच वेगळं.