नाताळात झरमॅट, मार्चमध्ये हप्ता

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, अंबड एमआयडीसीत नोकरी, पत्नी शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ३५ हजार हातात येतात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. घराचं कर्ज अजून ३२ लाख बाकी, हप्ता ३३ हजार. पत्नीचा भाऊ म्युनिकला असतो. दर हिवाळ्यात तो ऑस्ट्रियात स्कीइंगला जातो आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो, त्यामुळे मुलांनी धोशा लावला आहे. पत्रातला प्रश्न असा:

"मार्च २०२७ मध्ये माझी पाच वर्षांची विमा पॉलिसी पूर्ण होऊन १४ लाख मिळतील. त्यातून डिसेंबर २०२७ च्या नाताळात आठ दिवस आल्प्समध्ये जायचं ठरवतोय. ट्रॅव्हल कंपनीवाले स्वित्झर्लंडमधलं झरमॅट सुचवतात, चौघांचे साडेतेरा लाख. मेहुणा म्हणतो ऑस्ट्रियाला या. कुठे जावं? बँकेतल्या मॅडम म्हणतात की घाई असेल तर पॉलिसीवर कर्ज मिळेल, याच नाताळात जाऊन या. तसं करावं का?"

सोबत पॉलिसीच्या पानांचे फोटो आहेत. ते पाठवलेत हे फार बरं केलंत.

आधी विचारलेल्याचं उत्तर देतो. ऑस्ट्रिया. झरमॅट सुंदर आहे, समोर ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न, गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी, खालच्या टेश गावात गाडी ठेवून रेल्वेने वर जायचं. पलीकडच्या इटलीतल्या चेर्विनियासह तिथे साडेतीनशे किलोमीटरहून जास्त उतार आहेत, आणि महागड्या स्की-पासमध्ये तुम्ही त्या सगळ्याचे पैसे मोजता. पहिल्यांदा स्की पायात बांधणारी चार माणसं पहिले तीन दिवस शिकाऊ उतारावर असतात, तो असतो दोनशे मीटरचा. मी गुलमर्गला दोन दिवस पडलो, तिसऱ्या दिवशी उभा राहिलो, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. शिकाऊ उताराला वेगळा, स्वस्त पास बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो मागायचा असतो, पॅकेज विकणारा आपणहून देत नाही.

आणि नाताळात तर नकोच. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी हा तिथला सर्वांत महाग पंधरवडा. त्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत भाव बरेच उतरतात, मग फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या लागल्या की परत चढतात.

पण तुम्ही पत्रात कुठे जावं हे विचारलंत तरी माझं लक्ष शेवटच्या वाक्यावर अडकलं. पॉलिसी नऊ महिन्यांत संपून पैसे हातात येणार असतील, तर त्याच पॉलिसीवर कर्ज काढायला मॅडम कशाला सुचवतील? ज्या बाईंनी हे सुचवलं त्यांना पॉलिसी संपत नाही हे माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही.

तुम्ही पाठवलेला तिसरा फोटो काढा. डावीकडे, मधल्या चौकटीत: पॉलिसीची मुदत २० वर्षं. त्याच्या खाली: हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं. मार्च २०२२ ला पहिला हप्ता, वर्षाला २ लाख, मूळ विमा रक्कम २० लाख. पाच वर्षं हा आकडा संपूर्ण दस्तऐवजात कुठेही छापलेला नाही. तो फक्त सहाव्या फोटोत आहे, परताव्याच्या तक्त्यावर, निळ्या बॉलपेनने. तक्त्यात गृहीत धरलेल्या वाढीचे दोन रकाने आहेत, ४ टक्क्यांचा आणि ८ टक्क्यांचा. कोणीतरी आठच्या रकान्याला गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, "५ वर्षांनी बाहेर – १४ लाख". ते अक्षर बँकेतल्या आधीच्या आरएमचं (तुमचं खातं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं), असं तुम्हीच लिहिता, आणि ते साहेब आता बदलून दुसऱ्या शाखेत गेले आहेत. बदलून जाणारच.

थोडा हिशेब करा. वर्षाला २ लाख, पाच वर्षं, आणि शेवटी १४ लाख, म्हणजे वर्षाला साडेअकरा टक्के. २०२२ मध्ये हीच बँक पाच वर्षांच्या ठेवीवर साडेपाचच्या आसपास देत होती. बँक आपल्या खिडकीवर साडेपाच देते आणि शेजारच्या टेबलावर हमखास साडेअकरा देते, हे ऐकून तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की मग सगळी नाशिककर मंडळी त्या टेबलासमोर रांगेत का उभी नाहीत? शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण या महिन्यातलं हे माझ्याकडे आलेलं चौथं पत्र आहे. चारही पॉलिसी बँकेत विकलेल्या, चारही मार्चमधल्या.

तेव्हा चित्र असं आहे. ज्या मार्चमध्ये तुम्ही १४ लाखांची वाट बघताय, त्याच मार्चमध्ये कंपनीला तुमच्याकडून सहावा हप्ता, २ लाख हवा आहे. ऑटो-डेबिट चालू असणार, म्हणजे कोणी विचारणारही नाही, हप्ता खात्यातून परस्पर कापला जाईल. पैसे २०४२ मध्ये. तोवर मुलगी तिशीला आलेली असेल.

२०४२ ला किती? बोनस बरा राहिला तर एकूण २० लाख भरून ३६ ते ४० लाख. वर्षाला चार-साडेचार टक्के. आज बाहेर पडलात तर? चार ते सात वर्षं चाललेल्या अशा पॉलिसीला हमीचं सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या निम्मं, म्हणजे ५ लाख, वर जमलेल्या बोनसचं थोडं. माझा अंदाज ६ लाखांच्या आसपास. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा, तोंडी नको.

आता त्याहून वाईट गोष्ट. पत्रात विम्याबद्दल तुमचं एकच वाक्य आहे: "विमा आहेच." आहे तो २० लाखांचा. कर्ज ३२ लाखांचं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींच्या हातात २० लाख आणि जमलेला थोडा बोनस, समोर बँकेचे ३२ लाख, आणि दोन मुलं शिकायची. वर्षाला २ लाख भरून तुम्ही घराच्या कर्जाएवढंसुद्धा संरक्षण विकत घेतलेलं नाही. तुमच्या वयाच्या, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला साठीपर्यंतचा १ कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) वर्षाला वीस-पंचवीस हजारांत मिळावा. तो विकायला कोणी तुमच्या घरी चहाला येत नाही, कारण त्यात विकणाऱ्याला फारसं मिळत नाही.

पॉलिसीवर कर्ज? पाच लाख काढाल, नऊ-दहा टक्के व्याज लागेल, सहल संपेल आणि मार्चला हप्ता अधिक व्याज अशी दुहेरी कापणी सुरू होईल. नको. हा विषय इथे संपला.

पुढची पावलं क्रमानेच घ्या. पहिलं, टर्म इन्शुरन्स. वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका. रक्तदाब, साखर, जे असेल ते अर्जात खरं लिहा. दुसरं, तक्रार. फ्री-लूकचे, म्हणजे सुरुवातीला पॉलिसी परत करता येते ते, दिवस कधीच गेले, पण निळ्या बॉलपेनचा तो कागद तुमच्याकडे आहे, आणि बऱ्याच लोकांकडे नसतो. मूळ प्रत जपा, त्यावर स्टेपलरसुद्धा मारू नका. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेला लेखी द्या की पाच वर्षांची म्हणून दहा वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी विकली, पूर्ण पैसे परत हवेत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल. तुम्हाला पुण्याचं कार्यालय लागेल. फी नाही, वकीलही लागत नाही. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. तुम्ही पाच वर्षं हप्ते भरत राहिलात हे कंपनी पहिल्याच वाक्यात तुमच्या विरुद्ध मांडेल. तरी एका पोस्टाच्या खर्चात ४ लाखांचा प्रश्न सुटण्याची शक्यता असेल तर पत्र टाकायला काय हरकत आहे?

तिसरं, फेब्रुवारीपर्यंत निकाल लागला नाही तर ऑटो-डेबिट बंद करा आणि सरेंडर करा. इथे काही जण म्हणतील, एवढे भरलेत तर पुढचे पाच भरून टाका. तोही हिशेब केला. इथून पुढे अडकणाऱ्या पैशावर (आज मिळू शकणारे ६ लाख आणि पुढचे पाच हप्ते) साधारण सहा टक्के सुटतात, बोनस कमी झाला नाही तर. तुमच्या घराच्या कर्जाचं व्याज आठच्या वर आहे. सहा मिळवण्यासाठी आठ भरत राहायचं कशाला? पेड-अप करून, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी चालू ठेवून, २०४२ पर्यंत थांबण्यातही मला अर्थ दिसत नाही. आलेल्या ६ लाखांतले ३ लाख ठेवीत, अडीअडचणीसाठी, कारण तुमच्या पत्रात अशी गंगाजळी कुठेच दिसली नाही. उरलेले ३ कर्जात. सहलीला त्यातला एक रुपया नाही.

मग आल्प्स? जा ना. मामाचं गाव म्युनिक असताना मुलांना नेऊ नका असं सांगणारा मी कोण! म्युनिक ते इन्सब्रुक रेल्वेने दोन तासांच्या आत. मेहुण्याकडे तीन दिवस, इन्सब्रुकभोवतीच्या टिरोल प्रांतात पाच. युरो २०२१ मध्ये ८८ च्या आसपास होता, आता हिशेबाला १०५ धरतो. चौघांची विमानं ३ लाख. व्हिसा ४० हजार, प्रौढाची शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा आकार. पाच रात्रींचं स्वयंपाकघर असलेलं घर ९५ हजार. तीन दिवसांची स्की-शाळा चौघांची ९० हजार, स्की-बूट भाड्याने ४० हजार, शिकाऊ पास ४० हजार. गरम कपडे ४० हजार, तेही मेहुण्याच्या मित्रमंडळींकडून उसने मिळाले तर कमी. खाणं-फिरणं सव्वा लाख. प्रवास विमा १०-१२ हजार. झाले आठ लाखांच्या आतबाहेर. विमा घेताना त्यात हिवाळी खेळ आहेत का ते वाचा. व्हिसासाठी ३० हजार युरोचं संरक्षण पुरतं, पण साध्या प्रवास विम्यात स्कीइंगचा अपघात बरेचदा वगळलेला असतो, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचं बिल काही हजार युरोंत येतं. तिकडे कार्ड मशीनने "रुपयांत कापू की युरोत" विचारलं तर युरो. पॅकेज घेतलंत तर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापतील, तो रिटर्न भरताना वळता होतो, खर्चात धरू नका.

कधी जायचं, हा खरा घोळ आहे. डिसेंबर २०२७ पर्यंत आठ लाख साठत नाहीत. त्याच्या पुढचा हिवाळा मुलीच्या दहावीचा, तेव्हा तर नावच काढू नका, वहिनी शिक्षिका आहेत. मग एप्रिलअखेर २०२९? दहावीचे पेपर संपलेले, मुलाची शाळा सुटलेली. तोवर बहुतेक गावांतल्या लिफ्ट बंद होतात, पण टिरोलमधल्याच झिलरटाल खोऱ्याच्या टोकाला असलेली हिंटरटुक्सची हिमनदी वर्षभर चालू असते. म्युनिकहून येनबाख, तिथून छोट्या रेल्वेने मायरहोफेन, पुढे बस. गर्दी गेलेली असते, घरं स्वस्त असतात. विमानं मात्र मेच्या तोंडावर स्वस्त नसतात, म्हणून जानेवारीतच काढा.

आत्तापासून ३३ महिने आहेत. महिना २५ हजार आवर्ती ठेवीत, त्यातले १७ हजार त्या न भरलेल्या हप्त्याचे. व्याजासह नऊ लाख. आठचे नऊ होतील एवढी महागाई आणि युरो मी त्यात धरला आहे. शेअर बाजारात घालू का असं विचाराल, तर या पैशासाठी नको.

आवर्ती ठेव उघडायला त्याच शाखेत गेलात तर मॅडम एक नवीन ब्रोशर काढतील. आधी सरेंडरचा लेखी आकडा मागा, आणि तो आला की मला कळवा.