शॉकअप बदलण्याआधी गाडी कोरडी असू द्या

आपला प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीची माझी चार महिन्यांची वणवण आठवली. आपण लिहिले आहे: सात वर्षे जुनी हॅचबॅक, गतिरोधक ओलांडताना पुढच्या डाव्या चाकापाशी जुन्या झोपाळ्याच्या कडीसारखी कुईकुई, पाऊस पडला की आवाज गायब, आणि सर्व्हिस सेंटरचा सल्ला असा की दोन्ही शॉकअप (चाकांना बसणारे धक्के शोषणारे भाग) बदलून टाका. माझ्या गाडीची कथा याहून वेगळी नव्हती. टायरमधील हवा, चाकांचे नट वगैरे आपण पाहिलेच असतील असे गृहीत धरतो. मी मेकॅनिक नाही, त्यामुळे हे केवळ अनुभवाचे बोल समजावेत आणि गाडी प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे मत अधिक मानावे.

पावसाचा मुद्दा आपण जाता जाता लिहिला आहे, परंतु माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. शॉकअप निकामी झाला की त्यावर तेलाचे ओघळ दिसतात आणि खड्ड्यातून गेल्यावर गाडी हेलकावत राहते. लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट (चाकाजवळचे भाग जोडणारी दांडी आणि फिरता सांधा) ढिला झाला की खटखट होते. कुईकुई हा बहुतेक वेळा कोरडे रबर धातूवर घासल्याचा आवाज असतो, आणि पाणी आत शिरले की त्याला तात्पुरते वंगण मिळून तो थांबतो. ओल्या रस्त्यावर गप्प बसणाऱ्या गाडीत म्हणूनच मी आधी रबरी बुशांवर, म्हणजे धातूच्या जोडांत बसवलेल्या रबराच्या कड्यांवर, संशय घेईन.

हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. ज्या सेंटरमध्ये मी गाडी नेत होतो (नाव लिहीत नाही, कारण असेच अनुभव इतरत्रही ऐकले आहेत), तेथे प्रत्येक गाडी आधी खालून धुऊन घेण्याची पद्धत होती. धुतलेली गाडी लिफ्टवर उचलायची, लोंबकळणारी चाके हाताने हलवून पाहायची, आवारात एक फेरी मारायची आणि जॉब कार्डावर ‘आवाज आढळला नाही’ असे लिहायचे, हा प्रकार दोनदा झाला. चाके अधांतरी असताना सस्पेन्शनवर (चाके आणि गाडी यांमधल्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीवर) गाडीचा भार नसतो आणि बुश तर नुकतेच भिजलेले, मग आवाज यायचा कुठून! तिसऱ्या खेपेला सल्लागाराने शॉकअपचा निर्णय सुनावला आणि मी मुकाट्याने सही केली. एकालाही सोबत बसवून तो आवाज ऐकवला नाही, ही माझी सर्वांत मोठी चूक. तिचे मोल साडेअकरा हजार रुपये आणि वर अलाइनमेंटचे वेगळे. घरी परतताना सोसायटीच्या फाटकातल्या गतिरोधकावर कुईकुई जशीच्या तशी हजर होती.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी दोष शोधला. त्यांनी कोरडी गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर, चारही चाके टेकलेली अशी उभी केली, इंजिन बंद ठेवून मला बॉनेटजवळ दाबून वरखाली हलवायला सांगितले आणि स्वतः खाली उतरून एकेका भागावर तळवा ठेवला. आडव्या स्टॅबिलायझर बारवर (दोन्ही बाजूंची चाके जोडणारा, गाडीचा कल रोखणारा दांडा), तो धरून ठेवणाऱ्या डावीकडच्या पट्टीशेजारी, हात ठेवताच ते म्हणाले, ‘‘इथं कुरकुर हाताला लागतेय.’’ मग पाण्याची बाटली घेऊन त्याच एका बुशावर धार सोडली आणि आवाज थांबला. बुश काढल्यावर त्याचे आतले छिद्र घासून लंबगोल झालेले आणि त्यात रेतीचा थर बसलेला दिसला. नवी जोडी चारशे रुपयांच्या आत आली.

आपणही हीच परीक्षा करून पाहावी, मात्र एका वेळी एकच बुश भिजवावे आणि प्रत्येक वेळी गाडी हलवून ऐकावे; सगळीकडे एकदम पाणी मारले तर काहीच कळणार नाही. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कृपया शिरू नये. साधे ग्रीस बुशाला फासण्याचा सल्लाही कोणी देईल, तो ऐकू नये, कारण त्यातल्या खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. लावायचेच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावावे, तेही घासलेल्या बुशावरचा कायमचा उपाय म्हणून नव्हे.

दोष लोअर आर्मच्या (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशात निघाला, तर त्याचे बोल्ट शेवटचे आवळताना चाकांवर गाडीचा भार आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहावे. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुशही लवकर फाटते. घाईच्या ठिकाणी ही गोष्ट सर्रास टाळली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे; काही मंडळींना ते पटणार नाही.

जुने सुटे भाग बिलासोबत मागून घ्यावेत. माझे काढलेले शॉकअप मी आणले नाहीत, त्यामुळे ते खराब होते की नव्हते, हे आजही मला सांगता येत नाही. आपल्या गाडीचा आवाज स्टिअरिंग जागच्या जागी फिरवतानाही येतो का, तेवढे कळवावे; येत असेल तर स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र खांबाच्या) वरच्या बेअरिंगचा विचार आधी करावा लागेल आणि माझे वरचे बरेचसे लिखाण आपल्याला लागू पडणार नाही.