कॅप पुन्हा पुन्हा का निघते?

प्रश्न : रूट कॅनालनंतर खालच्या दाढेवर सिरॅमिकची कॅप बसवली. वर्षभरात ती दोनदा निघाली. दर वेळी सिमेंट लावून तीच बसवतात. नवी करून घ्यावी का?

उत्तर : आधी आतली दाढ तपासून घ्या. कॅप टिकते ती मुख्यतः दाढेच्या आकारावर, नुसत्या सिमेंटवर नव्हे. घासून तयार केलेली दाढ साधारण ४ मिमी उंच हवी, भिंती जवळजवळ समांतर हव्यात आणि हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिमी मूळचा दात शिल्लक हवा. तेवढा नसेल, तर महागडी कॅपही निघणारच. अशा वेळी बऱ्याचदा हिरडी खाली घेऊन दाताची उंची वाढवतात. कॅपच्या आत दाताचा तुकडा दिसला किंवा घाण वास आला, तर कीड किंवा मोडतोड धरून चला. एक्स-रे काढल्याशिवाय तीच कॅप बसवू देऊ नका.

रात्री दात खाता का? मग आतून धातू असलेल्या कॅपवरच्या पोर्सिलेनच्या थराचा टवका उडू शकतो. दाढेला अखंड झिर्कोनिया (एक फार कठीण सिरॅमिक) बरा, त्याला जागाही कमी, एक ते दीड मिमी लागते. बसवल्यावर रंगीत कागद चावायला लावून उंच ठिपके घासून घेतलेच पाहिजेत.

सुटलेली कॅप घरी सुपरग्लूने चिकटवू नका. सैल कॅप तोंडात ठेवून झोपूही नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.