यॉटवर स्टुअर्ड म्हणून जायचंय, तर नाशिकमध्ये कॉफी-कॉकटेलचा कोर्स करावा का?

तुम्ही लिहिलंय की वय 22, कॉलेज रोडच्या एका कॅफेत आठ महिने झाले, यॉटवर स्टुअर्ड म्हणजे पाहुण्यांची सरबराई करणारा म्हणून जायचंय, आणि एक जण बरिस्टा (कॉफी बनवणं), मिक्सॉलॉजी (कॉकटेल बनवणं), फ्लेअर (बाटल्या हवेत फेकून झेलणं) असा एकत्र कोर्स 60 हजारांना देतोय. करावा का?

नका करू. निदान आधी तरी नको. मी नाशिकचीच. तीन उन्हाळे भूमध्य समुद्रात यॉटच्या इंटिरियर क्रूमध्ये, म्हणजे आतली सरबराई बघणाऱ्या गटात, काढले आणि बाटली हवेत फेकलेली एकदाही पाहिली नाही. डुलणाऱ्या बोटीवर, कोणाच्या तरी कोट्यवधींच्या सागवानी डेकवर बाटली फेकणार कोण? कॉफी मात्र पहाटेपासून रात्रीच्या जेवणापर्यंत चालू असते. त्यामुळे वेळ घालवायचाच असेल तर कॉफीवर घालवा.

आपल्या घरी कॉफी म्हणजे पाहुणे आल्यावर दुधात उकळलेली, वर जायफळ. मलाही तेवढंच माहीत होतं. यॉटवर पाहुणे येण्याआधी त्यांच्या आवडीनिवडीचा कागद येतो, त्याला प्रेफरन्स शीट म्हणतात. त्यात एकाला कॉर्टाडो, दुसऱ्याला ओट मिल्कची फ्लॅट व्हाइट, आजोबांना नुसता एस्प्रेसो, म्हणजे मशीनने दाबाखाली काढलेली छोटी कडक कॉफी. पहिल्या दिवशी विचारलेलं चालतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर चीफ स्ट्यू, म्हणजे इंटिरियर क्रूची प्रमुख, नुसतं बघते, तेवढं पुरतं. तुमच्या कॅफेतल्या रोजच्या दहा गिऱ्हाइकांची कॉफी न विचारता देता येते का बघा. हा सराव फुकट आहे.

एस्प्रेसोचं माप सगळीकडे साधारण एकच: 18 ग्रॅम कॉफी पूड, कपात 36 ग्रॅम, 25 ते 30 सेकंद. पण माप पाठ असणं वेगळं आणि चव बिघडली की ग्राइंडर कुठे फिरवायचा हे कळणं वेगळं. समुद्रावर हवा दमट, सकाळचं सेटिंग दुपारी चालेलच असं नाही. म्हणून कॅफेत ग्राइंडरला हात लावायची परवानगी मागा, मालक कुरकुरला तरी मागा.

पाण्याचा धडा मला कोणत्याच कोर्सने दिला नव्हता. पहिल्या सीझनला माझा एस्प्रेसो आठवडाभर आंबट आणि पातळ येत होता. बीन्स बदलल्या, दळण बारीक केलं, काही फरक नाही. शेवटी इंजिनिअरने सांगितलं की टाकीतलं पाणी वॉटरमेकरचं, म्हणजे समुद्राचं पाणी आरओने गोडं केलेलं, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. कॉफीतली चव ओढून काढायला पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं, आणि आंबटपणा मऊ करायला बायकार्बोनेट. काही मशीनच्या बॉयलरचा सेन्सर तर इतकं शुद्ध पाणी ओळखतच नाही, त्याला वाटतं टाकी रिकामी आहे. आम्ही मशीनला बाटलीतलं मिनरल वॉटर द्यायला लागलो आणि प्रश्न मिटला. (बऱ्याच बोटींवर नुसतं पॉड मशीन असतं, तयार कॉफीची कुपी घालायचं. तिथे तुमची लाटे आर्ट, म्हणजे दुधाच्या फेसाची नक्षी, विसरा, कप गरम करून द्या.)

दूध फेसाळायचा सराव पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून करा. फेस हुबेहूब दुधासारखा फिरतो आणि पैसे वाचतात. दुधाचं भांडं निम्मंच भरायची सवय लावा, बोट डुलते तेव्हा कळेल का ते.

आता कॉकटेल. दहा-बारा क्लासिक डोळे मिटून आली पाहिजेत: नेग्रोनी, मार्गारिटा, डायकिरी, मोहितो, ओल्ड फॅशन्ड, व्हिस्की सावर, ब्लडी मेरी, अपेरोल स्प्रिट्झ, एस्प्रेसो मार्टिनी, एवढी तरी. लिंबू किंवा फळाचा रस असला की शेक, नुसती दारू असली की ढवळणं, हा नियम बहुतेक वेळा चालतो. नेग्रोनी सगळ्यात सोपी: जिन, कंपारी, गोड व्हर्मूथ, तिन्ही 30 मिली. यादीतली शेवटची, म्हणजे एस्प्रेसो मार्टिनी, रात्री अकराला मागवली जाते. तिचा फेस ताज्या एस्प्रेसोतूनच येतो, म्हणून मशीन लवकर बंद केलं असेल तर फजिती.

एक अडचण तुम्हाला कोणी सांगितली नसेल. महाराष्ट्रात कडक दारू प्यायचं वय 25 आहे, तुमचं 22. मग चाखून शिकणार कसं? सराव पाणी, कोकम सरबत आणि थंड चहावर करा. मोजायची सवय, शेकरची पकड, बर्फाने किती पाणी सुटलं हे सगळं त्यात कळतं. दुसरं लिंबाचं. परदेशी कृतीत एक लाइम म्हणजे बिनबियांचं मोठं लिंबू. आपलं कागदी लिंबू लहान आणि जास्त आंबट. 'एका लिंबाचा रस' असं शिकाल तर तिकडे सगळी मापं चुकतील, म्हणून रस मिलीतच मोजा.

आणि डाग! कंपारी ही लालभडक दारू सागवानात मुरते. माझ्या हातून एक ग्लास सांडला, डेकवरच्या पोराने गुडघे टेकून तासभर घासलं आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्यानंतर ट्रेवर न घसरणारी मॅट घातल्याशिवाय मी बाहेर पाऊल टाकलं नाही. डेकवर काचही शक्यतो नेत नाहीत, पॉलिकार्बोनेटचे ग्लास असतात.

नाशिकचा खरा फायदा तुम्ही प्रश्नात लिहिलाच नाहीत: वाइन. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा या वायनरी आहेत. शनिवार-रविवारी कुठल्या तरी टेस्टिंग रूममध्ये काम मिळतंय का बघा. स्पार्कलिंगची बाटली आवाज न करता उघडायची, म्हणजे बूच धरून ठेवायचं आणि बाटली फिरवायची, हे तिथे पन्नासदा केलं की हात बसतो. माझा तिथेच बसला. कॉकटेलपेक्षा वाइन मी दहापट जास्त ओतली.

ते 60 हजार आधी एसटीसीडब्ल्यूच्या, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या, बेसिक सेफ्टी ट्रेनिंगसाठी ठेवा. आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार. त्याशिवाय कोणी उभं करत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतंच. पासपोर्ट भारतीय असल्याने युरोपात टुरिस्ट व्हिसावर जाऊन बंदरावर काम शोधायचा नाद करू नका, खूप मुलं त्यात अडकली. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट दिसला की परवाना विचारा. भारतात तो डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचा, लागतो, आणि 2006 च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाकडून भरतीची फी घेताच येत नाही.

सीव्हीवर 'मिक्सॉलॉजिस्ट' लिहू नका. 'एस्प्रेसो मशीन रोज उघडून धुतो' असं लिहा. माझ्या पहिल्या मुलाखतीत चीफ स्ट्यूने विचारलेला पहिलाच प्रश्न होता, बॅकफ्लश (मशीनमध्ये पाणी उलटं फिरवून आतली सफाई) दिवसातून किती वेळा करतेस?