उपग्रह ‘जळाला’ की ‘भरकटला’?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘सौरवादळात उपग्रह जळाला’ असं बातम्यांत येतं, ते बरोबर का? सूर्यावर नजर ठेवणाऱ्या आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ दुर्बीण इथल्याच आयुका या खगोलविज्ञान संस्थेने इस्रोच्या साथीने घडवली, तेव्हा पुण्यातून हा प्रश्न आला याचा विशेष आनंद झाला.

पंपाची मोटार जळते, वायरिंग जळतं, म्हणून विजेच्या यंत्राला ‘जळणे’ लावण्यात मराठीला वावगं काही नाही. पण काही उपग्रह खरोखरच जळतात. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले होते. सौरवादळाने, म्हणजे सूर्याकडून आलेल्या भारित कणांच्या लोटाने पृथ्वीभोवती उडालेल्या खळबळीने, वरचं वातावरण तापून फुगलं, हवेचा अडथळा वाढला आणि त्यातले ३८ खाली येऊन जळाले. हा शब्द अशा वेळेसाठी राखून ठेवावा.

पण उपग्रह न जळताही बिघडतो, तो अवकाशातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांमुळे. त्यांचं काम निराळं. सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरची भूस्थिर कक्षा, जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो, ती व्हॅन ॲलन पट्ट्यांपैकी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकलेल्या भारित कणांच्या पट्ट्यांपैकी, बाहेरच्या पट्ट्यातून जाते. तिथले दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हे ऊर्जेचं माप) पुढचे इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमचा पत्रा भेदून आत शिरतात आणि केबलच्या वेष्टनात, सर्किटच्या पाटीत अडकून बसतात. विद्युतरोधकच तो, भार वाहून जायला वाट नाही. दिवसेंदिवस साचत जातो आणि एकदम ठिणगी पडते, थंडीत स्वेटर काढताना चटचटतं तशी. जळत काहीच नाही, असंही होतं. पण त्या झटक्याला यंत्रणा कधी आज्ञाच समजते, तर कधी एखादा भाग निकामी होतो.

२० जानेवारी १९९४ला कॅनडाच्या ॲनिक ई-१ या उपग्रहाचं, आणि पाठोपाठ ई-२चं, तोल राखणाऱ्या चाकावरचं नियंत्रण गेलं. त्याआधी कित्येक दिवस इलेक्ट्रॉनांचा मारा चालू होता. उपग्रह शाबूत, पण अँटेनाची दिशा सुटली. ई-१ काही तासांत सावरला; ई-२ला जमिनीवरून सांभाळत कामाला लावेपर्यंत कित्येक महिने गेले. याला मी ‘भरकटला’ म्हणेन. ‘बिघडला’ही चालेल, मात्र काय बिघडलं ते त्यातून कळत नाही.

‘सौरवादळात’ हेही तपासून घ्यावं. हे इलेक्ट्रॉन बहुधा वादळ ओसरू लागल्यावर, एक-दोन दिवसांनी वाढतात. शिवाय सूर्यावर मोठा स्फोट व्हायलाच हवा असंही नाही. वेगवान सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या भारित कणांचा जोरदार झोत, पुरतो. तेव्हा अशा बातमीत ‘सौरवादळानंतर उपग्रह भरकटला’ किंवा ‘वेगवान सौरवाऱ्यानंतर उपग्रहाचं नियंत्रण सुटलं’ असं लिहावं.